पोच

दिवाळीच्या तोंडावर माळा साफ करण्याचा कुळाचार आमच्या घरी अजून पाळला जातो. त्यात माझे काम ठरलेले आहे. शिडीच्या पायाशी उभे राहायचे, वरून येईल ती वस्तू हातात घ्यायची आणि "हे टाकू नका, लागेल कधीतरी" असे म्हणायचे. हे काम मी गेली पंचेचाळीस वर्षे इमानाने करीत आलो आहे. आणि त्यातली एकही वस्तू पुढे कधी लागलेली नाही, हे आमची सौभाग्यवती तितक्याच इमानाने मला दर वर्षी सांगत आली आहे.

यंदा वरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आला. उघडून पाहिला तो आत दोऱ्याने बांधलेली, पिवळी पडलेली कागदी फीत. रुंदीला अंगठ्याएवढी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक बारीक भोके. माझी नात अकरा वर्षांची आहे. तिने फीत उजेडासमोर धरली आणि निकाल दिला, "आजोबा, ही वाळवीने खाल्लीय."

"वाळवी इतक्या ओळीने खात नाही," मी म्हणालो. "हे पत्र आहे."

ती हसली. मला मात्र हसू आले नाही. फीत हातात घेऊन मी तिथेच खुर्चीवर बसलो, आणि माझ्यापुरती साफसफाई संपली.

मी नोकरीला लागलो १९७४ साली. मुंबईत फोर्टमध्ये एका मोठ्या कंपनीची मुख्य कचेरी होती. नाव सांगत नाही. नावाशी आपल्याला कर्तव्य नाही. ठाणे, पिंपरी, नाशिक, नागपूर, चंद्रपूर अशा ठिकाणी मिळून सात कारखाने, देशभर गोदामे आणि कित्येक हजार माणसे. मी इंजिनिअर, पण माझ्या हातून एकही यंत्र तयार झाले नाही. कंपनीतल्या माणसांनी एकमेकांशी बोलायचे कसे, ही व्यवस्था पाहणे माझ्या वाट्याला आले. एका खोलीतले यंत्र काढायचे आणि त्या जागी नवे ठेवायचे, हाच माझा छत्तीस वर्षांचा धंदा.

त्या काळी मोठ्या कंपनीचासुद्धा आवाज लहान असे. कानपूर-लखनौ दरम्यान थेट नंबर फिरवून बोलण्याची सोय १९६० सालीच झाली होती खरी. पण आमच्या चंद्रपूरच्या कारखान्याला ट्रंक कॉल लावायचा म्हणजे सकाळी नोंदवावा आणि संध्याकाळपर्यंत टेलिफोनकडे बघत बसावे. 'ऑर्डिनरी'ने जमले नाही तर 'अर्जंट', त्यानेही नाही जमले तर 'लाइटनिंग'. या शेवटच्या प्रकारात वीज पडे ती मुख्यतः हिशेबनिसाच्या डोक्यावर.

खरी भिस्त होती ती टेलेक्सवर. टेलेक्स म्हणजे काय, हे आता समजावून सांगावे लागते. आपल्याकडे ही सोय १९६३ साली सुरू झाली. टंकयंत्राच्या थोरल्या भावासारखे दिसणारे जाडजूड यंत्र, आणि त्याला टेलिफोनसारखा नंबर. मुंबईत तुम्ही अक्षर दाबावे आणि चंद्रपूरच्या कागदावर ते उमटावे. मिनिटाला सुमारे सहासष्ट शब्द, ही त्याची धाव. पैसे पडत ते वेळेवर. म्हणून जाणती माणसे मजकूर आधी फितीवर भोकांच्या रूपाने उतरवून ठेवीत आणि लाइन मिळाली की फीत यंत्राच्या तोंडी देत. प्रत्येक अक्षराला पाच जागा. कुठे भोक पाडायचे आणि कुठे नाही, एवढ्यावर सारी भाषा उभी. अक्षरे फक्त इंग्रजी, आणि तीही मोठी. मराठीलासुद्धा तोच साहेबी पोशाख चढवून प्रवासाला निघावे लागे.

त्यात एखादे अक्षर चुकले तर खोडता येत नसे. कागदाला पडलेले भोक बुजवणार कसे? त्यावर युक्ती अशी की, फीत मागे घ्यायची आणि त्या अक्षराच्या पाचही जागी भोके पाडून टाकायची. पाच भोके एकत्र आली की यंत्र काहीही न छापता पुढे सरके. चूक झाकायची तर आणखी भोकेच पाडावी लागतात, हे मी प्रथम तिथे शिकलो.

आमची टेलेक्सची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या कोपऱ्यात होती. तिथल्या बाई डोंबिवलीहून येत. माझ्यापेक्षा सहाएक वर्षांनी वडील. सगळी कचेरी त्यांना नुसते 'बाई' म्हणे, आणि कुठल्या बाई असे कोणी विचारीत नसे. फीत त्या बोटांतून सरकवत वाचीत. आपण जपमाळ ओढावी तशी. यंत्रावर एक कळ होती, ती दाबली की पलीकडच्या यंत्राला 'तू कोण?' असा प्रश्न जाई, आणि ते यंत्र, समोर माणूस असो वा नसो, आपण होऊन आपला नंबर आणि खुणेचे नाव छापून पाठवी. इंग्रजीत त्याला आन्सरबॅक म्हणत; आम्ही पोच म्हणत असू. संदेशाच्या आरंभी पोच, शेवटी पोच. दोन्ही जुळल्या की निरोप गेला.

बाईंचे मात्र तेवढ्याने समाधान होत नसे. "ही यंत्राची पोच झाली, साहेब," त्या म्हणत. "माणसाची यायचीय." मग पलीकडून कोणीतरी दोन अक्षरे हाताने टंकून उत्तर देईपर्यंत त्या खोली सोडीत नसत. एकदा नागपूरहून टेलेक्स आला: 'चीफसाहेब गेले.' तो धाकट्या साहेबांच्या हाती पडला. त्यांनी ताबडतोब शोकसभेची सूचना टंकायला दिली, आणि शिपायाला हार आणायला पिटाळले. बाईंनी यंत्रावर बसून पलीकडे एवढेच विचारले, 'कुठे गेले?' उत्तर आले, 'रात्रीच्या गाडीने मुंबईस.' दुसऱ्या दिवशी चीफसाहेब कचेरीत हजर झाले तेव्हा हार आणलेलाच होता, तो त्यांना घालण्यात आला. एवढा सत्कार कशासाठी, हे त्यांना निवृत्त होईपर्यंत कळले नाही.

अशी वीसएक वर्षे गेली. मधल्या काळात फॅक्स आला, टेलिफोनचे नवे बोर्ड आले, संगणकही आला. संगणक आपल्याकडे फार सांभाळून आला. कलकत्त्यात विमा कर्मचाऱ्यांनी १९६०च्या दशकात त्याला दाराशीच अडवून धरले होते. बँकांत १९८३च्या करारानंतर तो शिरला तो 'अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' असे लांबलचक नाव घेऊन. नवरीचे नाव बदलले की तिचे माहेर विसरले जाते, असा काहीसा हिशेब असावा. आमच्या कचेरीतही त्याच्याबद्दल कुजबुज होती. पण १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुले केले, आणि त्यानंतर कुजबुजीला कोणी विचारीनासे झाले. आमचे मोठे साहेब परदेशात जाऊन आले आणि त्यांनी ठरवले, सगळी कंपनी एका सूत्रात ओवायची. टेबलाटेबलावर संगणक, कारखान्याच्या छपरावर उपग्रहाची तबकडी, आणि प्रत्येक अधिकाऱ्याला ईमेलचा पत्ता. हे काम करणार कोण? अर्थात मी.

माझी ती दोन वर्षे पाखरासारखी उडाली. खरे सांगतो, एवढा आनंद मला नोकरीत पुन्हा मिळाला नाही. उपग्रह आपल्या डोक्यावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर असतो. फोर्टमधून ठाण्याला, म्हणजे लोकलने तासाभराच्या अंतरावर, निरोप धाडायचा तर तो छत्तीस हजार किलोमीटर वर जाई, छत्तीस हजार खाली येई, आणि तरीही डोळ्याचे पाते लवण्याआधी पोचे. त्यावरून टेलिफोन केला तर मात्र एकाचा शब्द दुसऱ्याला ऐकू जाऊन उत्तर परत येईपर्यंत अर्धा सेकंद मोडे. त्यामुळे दोन साहेब एकदम बोलत, मग एकदम थांबत, मग पुन्हा एकदम "तुम्ही बोला" म्हणत. जन्मभर दुसऱ्याचे ऐकून न घेणारी माणसे त्या अर्ध्या सेकंदाने काही काळ सुसंस्कृत केली.

दुसरेही बदल दिसू लागले. पूर्वी टंकयंत्रात कार्बन घालून पाच-सहा प्रती निघत. सहावी तर डोळे फोडून वाचावी लागे. त्यामुळे प्रत कोणाकोणाला धाडायची, याचा विचार करावा लागे. आता एका कळीत सगळ्या कारखान्यांना प्रत जाऊ लागली. पिंपरीच्या कँटीनमध्ये आज मिसळ आहे, ही वार्ता कलकत्त्याच्या गोदामात पोचली. टेलेक्सला वेळेचे पैसे पडत म्हणून दोन ओळींत आवरणारे लोक दोन-दोन पाने लिहू लागले. आणि मराठी? तिची अक्षरे एका संगणकावरून दुसऱ्यावर गेली की त्यांची चौकटी-त्रिकोणांची रांगोळी होई. देवनागरीची सोय विंडोजमध्ये नीट आली ती पुढे, २००० सालच्या आवृत्तीत. तोवर कामगारांच्या सूचनासुद्धा इंग्रजीत जात, आणि ज्यांच्यासाठी त्या असत तेच त्या वाचीत नसत.

हे सगळे सुरळीत होईल, असे मी अहवालात लिहिले होते. तो अहवाल मी फार मेहनतीने केला होता. दिवसाला संदेश किती, प्रत्येकाला मिनिटे किती, भाडे किती, दुरुस्ती किती, पगार किती: जे मोजता येते ते सारे मी मोजले. त्यातून निघाले ते असे, की टेलेक्सची खोली बंद केली तर कंपनीची मोठी बचत होते, आणि त्या खोलीतले माणूस जादा ठरते. त्या अहवालावर सही माझीच होती. बाईंपुढे स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवला गेला, आणि त्यांनी तो न वाचता सही करून परत दिला.

टेलेक्सची खोली बंद झाली ३१ मार्च १९९७ रोजी, सोमवारी. संध्याकाळी बाई माझ्या टेबलाशी आल्या. त्यांच्या हातात ही फीत होती, दोऱ्याने बांधलेली.

"शेवटचा मजकूर सातही ठिकाणी दिला, साहेब. सहा ठिकाणांहून पोच आली. चंद्रपूरच्या यंत्राची आली, माणसाची नाही आली."

मी त्या वेळी दुसऱ्या दिवसापासून सुरू होणाऱ्या प्रशिक्षणवर्गाच्या याद्या तपाशीत होतो. मान वर करून म्हणालो, "बाई, उद्यापासून यंत्रही नाही आणि पोचही नाही. आता गेला म्हणजे पोचलाच."

बाईंनी फीत टेबलावर ठेवली आणि त्या गेल्या. मी ती खणात टाकली. त्यावर काय लिहिले आहे, हे विचारले नाही.

त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, १० एप्रिलला, गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास एक तरुण मला भेटायला आला. त्याचा थोरला भाऊ आमच्या ठाण्याच्या कारखान्यात फिटर होता, आणि नवे यंत्र बसवण्यासाठी महिनाभर चंद्रपूरला गेला होता. आई परळला इस्पितळात होती. बोलावून घ्या, असे डॉक्टरांनी सांगितले होते. वडिलांच्या वेळी हाच निरोप तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी पोचवला होता, म्हणून तो थेट तिसऱ्या मजल्यावर गेला, आणि खोलीला कुलूप पाहून माझ्याकडे आला.

मी त्याला बसवले, पाणी दिले. शिपायालाही न सांगता स्वतः निरोप टंकला. खरे तर मला त्याला धीर द्यायचा होता. आणि, का लपवू, नवी व्यवस्था दाखवायचीही होती. मी पडदा त्याच्याकडे वळवला आणि म्हणालो, "हे पाहा, गेला."

त्याने पडद्याकडे पाहिले. "पोचला?"

"पोचला समजा."

तो हात जोडून निघून गेला. तो निरोप खरोखरच काही क्षणांत चंद्रपूरला पोचला होता. टाइम ऑफिसच्या संगणकात, टाइमकीपरच्या नावाच्या पेटीत तो जाऊन बसला. पण ती पेटी उघडण्याचा परवलीचा शब्द एकट्या टाइमकीपरला ठाऊक होता, आणि टाइमकीपर त्या गुरुवारी चंद्रपुरात नव्हता. ईमेल कशी वाचावी, हे शिकण्यासाठी मीच त्याला मुंबईला बोलावले होते. मी निरोप टंकत होतो तेव्हा माझ्या टेबलाखाली दोन मजल्यांवर, माझ्याच वर्गात तो बसलेला होता.

तो शनिवारी सकाळी चंद्रपूरला परतला आणि त्याने पेटी उघडली. आई शुक्रवारी रात्रीच गेली होती. गुरुवारी दुपारी निरोप मिळता तर संध्याकाळची गाडी धरून तो शुक्रवारी दुपारपर्यंत तिच्या उशाशी असता.

दिवस झाल्यावर तो मला भेटायला आला. डोके काढलेले, हातात टोपी. मी तयारी केली होती. नवीन व्यवस्था आहे, अडचणी येतातच, अशी वाक्ये जुळवून ठेवली होती. तो उभाच राहिला. "साहेब, निरोप गुरुवारचाच आहे. त्याच्यावर तारीख आहे, वेळही आहे," तो म्हणाला. "मी तिथंच होतो. टाइम ऑफिसपासून पन्नास पावलांवर." आणखी काही तो बोलला नाही. माझी वाक्ये माझ्यापाशीच राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे मला कितीतरी दिवस वाटत राहिले.

मी तळमजल्यावर आवक-जावक विभागात गेलो. नोटिशीची मुदत भरेपर्यंत बाईंना तिथे पाकिटांवर तिकिटे लावायला बसवले होते. मी सगळे सांगितले. त्यांनी डोळे मिटले, मग एवढेच विचारले, "पोच मागितली होती का?"

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक वही आणून दिली. दोनशे पानी, तपकिरी पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. ती मी त्या रात्री घरी वाचली. चंद्रपूर: रात्री नऊनंतर टाइम ऑफिस बंद, गेटवरच्या पहारेकऱ्यास वाचता येत नाही, टेलिफोनवर तोंडी सांगावे, तो सायकलने जाऊन सांगतो. पिंपरी: एक ते दोन कोणी उचलत नाही, कँटीनला लावावा. कलकत्ता: पूजेचे चार दिवस गोदामबाबूंच्या घरी, मुलगी निरोप घेते, तिच्याशी हिंदीत बोलावे. अशी पानेच्या पाने. आणि अगदी पहिल्या पानावर, लाल शाईने: 'मृत्यूचा निरोप माणूस एकटा असताना देऊ नये. शेजारी कोणी आहे का, ते आधी विचारावे.'

कंपनीचे जाळे विणायला निघालेला मी. ते जाळे आधीच विणलेले होते, आणि ते या वहीत होते. माझ्या अहवालात त्याला रकाना नव्हता.

पुढे जे केले ते फार मोठे नव्हते. बाईंची मुदत वाढवून मागितली. सहा महिने मागितले, तीन मिळाले. त्या तीन महिन्यांत त्यांनी सातही कारखान्यांतल्या माणसांना टेलिफोनवरून धडे दिले. प्रत्येक कारखान्यात एक सामाईक पेटी ठेवली, आणि प्रत्येक पाळीच्या प्रमुखाने ती उघडलीच पाहिजे, असा नियम केला. आजार, अपघात आणि मृत्यू यांच्या निरोपांसाठी एक साधे कागदी पुस्तक घातले. त्यात शेवटचा रकाना 'पोच'. तो कधी भरायचा? ज्याच्यासाठी निरोप आहे त्याचे स्वतःचे उत्तर कानाने ऐकल्यावर. तोवर निरोप 'गेलेला' धरायचा नाही. वरिष्ठ हसले. संगणकाच्या जमान्यात चोपडी! पण पुस्तक चालू राहिले.

त्या चोपडीची परीक्षा आठ वर्षांनी झाली. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते सर्वांना आठवतच असेल. गाड्या बंद, वीज बंद, मोबाइल मुके. मुंबई-ठाण्यातली आमची माणसे कुठे अडकली, कोणालाच कळेना. मोठ्या साहेबांनी सर्वांना ईमेल धाडली, 'सुरक्षित असाल तर कळवा.' ज्यांच्या घरात पाणी होते ते ईमेल वाचणार कशी? तेव्हा पिंपरीच्या लोकांनी हजेरीपट काढले आणि चोपडीच्या पद्धतीने नावे वाटून घेतली. ज्याचा टेलिफोन लागेना त्याच्या शेजाऱ्याचा, त्याच्या वाण्याचा, त्याच्या सासुरवाडीचा नंबर शोधला. माणसाचा आवाज स्वतः ऐकला की नावापुढे खूण. तीन दिवस लागले. शेवटची खूण झाली तेव्हा पिंपरीच्या टाइमकीपरने मला फोन केला. "साहेब, सगळ्यांची पोच आली," एवढे म्हणून तो रडू लागला. मीही.

यंत्रांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. मी जन्मभर यंत्रेच बसवली, आणि पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा बसवीन. तारसुद्धा २०१३च्या जुलैत बंद झाली, तेव्हा मला वाईट वाटले. पण तार परत यावी असे काही वाटले नाही. बाईंचे टेलेक्स यंत्रही कधीकाळी नवेच होते, आणि त्याने कोणा तारवाल्याचे काम काढून घेतलेच असेल. प्रश्न यंत्र नवे की जुने, हा नव्हेच.

आमची सूनबाई एका मोठ्या कंपनीत तेच काम करते, जे मी करीत असे. तिची माणसे निरनिराळ्या देशांत विखुरलेली. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा तिने आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून आठवड्याभरात सगळी कंपनी घरोघर नेली. ते पाहून मी मनातल्या मनात तिला साष्टांग नमस्कार घातला. हल्ली पुन्हा तिथे जुनी व्यवस्था काढून नवी घालणे चालू आहे. परवा जेवताना मी तिला विचारले, "निरोप पोचला, हे तुम्हांला कसे कळते?"

"बाबा, खूण येते ना. पोचला की दोन, वाचला की निळ्या."

"आणि कळला की?"

ती भाजी वाढता वाढता थांबली. आपल्या भाषेत पोच या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक पावती, आणि दुसरा, 'त्याला काही पोच नाही' असे आपण म्हणतो तो, समज, माणसाची जाण. पहिली पोच यंत्र देऊ शकते, आणि दिवसेंदिवस अधिक चांगली देते. दुसरी कोणी द्यायची, हे प्रत्येक वेळी यंत्र बदलताना नव्याने ठरवावे लागते. आणि घाईत ठरवायचे राहून जाते. त्या दिवशी मी बाईंची तपकिरी वही सूनबाईच्या हातात दिली. ती रात्री उशिरापर्यंत दिवा लावून बसली होती.

हे सारे त्या फितीने आठवले. तोवर नात शेजारी येऊन बसली होती. तिने मोबाइलवर टेलेक्सच्या अक्षरांचा तक्ता शोधून काढला होता. अठ्ठावीस वर्षांत मला जे सुचले नाही ते तिला दहा मिनिटांत सुचले. आम्ही फीत सतरंजीवर पसरली. रांगेने जाणारी बारीक भोके अक्षरांची नव्हेत, ती फीत पुढे ओढण्यासाठी, हे मी सांगितले. बाकीचे तिने केले. चौथे आणि पाचवे भोक म्हणजे ओ. एकटे तिसरे म्हणजे मोकळी जागा. ती एकेक अक्षर ओरडून सांगे आणि मी वहीत लिहून घेई. मध्येच ती थांबली.

"आजोबा, इथे पाचही भोके आहेत. हे कोणते अक्षर?"

"ते चुकलेले अक्षर. बाईंनी खोडलेय."

"काय चुकले होते?"

"ते आता वाचता येत नाही."

"पण चुकले होते, हे दिसते की," ती म्हणाली, आणि पुढच्या अक्षराकडे वळली.

तासाभराने मजकूर पुरा झाला. 'उद्यापासून ही खोली बंद. मुंबईहून निरोप आल्यास टेबलावर ठेवू नये, माणूस पाठवून सांगावा. सर्वांस नमस्कार. पोच द्यावी.'

मी बराच वेळ त्या ओळींकडे पाहत बसलो. मग उठलो आणि डोंबिवलीला फोन लावला. बाई आता ऐंशीच्या आहेत. ऐकायला थोडे कमी येते, म्हणून मोठ्याने बोलावे लागते.

"बाई, तुमची फीत आज वाचली."

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी, साहेब?"

"हो. पोच द्यायला फोन केला."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या. "एक यायची राहिलीच होती." आणि मग नेहमीच्या आवाजात, "फराळ झाला का करून?"